कोठी उघडी ठेवावी की लावून घ्यावी?

ज्याने संगणकावर लिनक्स घातले आहे, ज्याचे ते सुरळीत चालले आहे आणि नेमके म्हणूनच ज्याचे हात शिवशिवू लागले आहेत, त्या नवशिक्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्याचे अजून चालूच होत नाही त्याने हे वाचू नये. त्याची दुःखे वेगळी.

साहित्य: एक संगणक, ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, कागद, पेन्सिल, आणि यातले ओ की ठो न कळणारा घरातला एक वडीलधारा माणूस. हे शेवटचे साहित्य विकत मिळत नाही, पण त्याच्याशिवाय कृती पुरी होत नाही. माझ्याकडे काका होते.

प्रश्न असा. लिनक्समध्ये 'स्लॅश बूट' नावाची एक जागा असते. बऱ्याच संगणकांवर ती डिस्कचा एक वेगळा लहान तुकडा, म्हणजे पार्टिशन, म्हणून कापलेली असते. संगणक सुरू होताना हा तुकडा लागतो; एकदा सुरू झाला की दिवसभर त्याचे काही काम नसते. मग तो दिवसभर जोडून, म्हणजे माउंट करून ठेवावा, की काम झाल्यावर सोडवून ठेवावा? हा प्रश्न वाचून तुम्हाला झोप येत असेल तर तुम्ही सुखी आहात. मला विशीत या प्रश्नाने झोप येत नव्हती.

आधी शब्दाचे पाहू. मी राहतो हैदराबादेत, कोठीला. इंग्रजी पाट्यांवर त्याचे 'कोटी' होते आणि पुण्याहून आलेला पाहुणा विचारतो, कसले कोटी? कोटी-बिटी काही नाही. जेम्स अ‍ॅकिलिस कर्कपॅट्रिक हा १७९८ पासून निजामाच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता, त्याने मुसीच्या या काठावर जो खांबाखांबांचा वाडा बांधवला ती ही कोठी. १९४९ मध्ये तिथे मुलींचे कॉलेज आले. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोन सिंह बसले आहेत, त्यांच्यासमोरून मुली बस पकडायला धावतात. भागाला नाव त्या वाड्याचे पडले.

पण मराठी माणसाच्या कोठीत सिंह नसतात, ज्वारी असते. आमच्या नांदेडच्या घरी माजघरामागे एक अंधारी खोली होती, ती कोठी. तिच्यात ज्वारीची पोती, तुरीची डाळ, गुळाच्या ढेपा, लिंबाच्या लोणच्याची बरणी. किल्ली आजीच्या कनवटीला. सकाळी एकदा कुलूप निघायचे, दिवसभराचे धान्य मोजून बाहेर यायचे, कुलूप परत लागायचे. आम्ही पोरे दाराशी घुटमळलो तर आजी म्हणायची, "काय रे, कोठीत काय गोकुळअष्टमी आहे?" स्लॅश बूट ही संगणकाची कोठी. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजेल, आणि नाही समजले तरी ज्वारीची गोष्ट वाचल्याचे समाधान राहील.

पायरी पहिली. आपल्याकडे कोठी आहे का, ते पाहा. टर्मिनल उघडून 'फाइंडमाउंट स्लॅश बूट' विचारायचे. आज्ञेचे स्पेलिंग एफ-आय-एन-डी-एम-एन-टी असे तुटक आहे. मधली अक्षरे लिनक्सवाल्यांनी १९९१ पासून वाचवून ठेवली आहेत, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. उत्तरात एक ओळ आली तर कोठी वेगळी आहे आणि या क्षणी उघडी आहे. काहीच आले नाही तर दोन शक्यता: कोठी वेगळी नाहीच, साधी घरातली एक खोली आहे, किंवा वेगळी आहे पण कुलूप लागले आहे. कुठले खरे ते कळायला 'एलएसबीएलके' म्हणा, डिस्कचे सगळे तुकडे दिसतील. कोठी वेगळी नसेल तर इथेच थांबा आणि दुसरा छंद शोधा.

पायरी दुसरी. आत काय आहे ते पाहा, हात लावू नका. 'व्हीएमलिनक्झ' या नावाने सुरू होणारी फाइल म्हणजे कर्नल, अख्ख्या यंत्रणेचा गाभा. तिच्याशेजारी 'इनिटरॅमएफएस' किंवा 'इनिटआरडी' असे काहीतरी. ते समजायला पुन्हा वाड्याकडे जाऊ. कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्यातली. वाडा समोरून कसा दिसतो हे तिला फिरून पाहता येईना, म्हणून त्याने बागेत त्याच वाड्याची एक लहानशी प्रतिकृती उभारून दिली असे सांगतात. इनिटरॅमएफएस ही तशीच छोटी प्रतिकृती. खरे घर अजून उघडलेले नसते तेव्हा हे खेळण्याएवढे घर मेमरीत उभे राहते, डिस्कचे दार कसे उघडायचे ते त्याला माहीत असते, ते दार उघडते आणि बाजूला होते. याशिवाय 'ग्रब' नावाचे एक दप्तर असते, त्यात कुठला कर्नल उचलायचा याची यादी. संपली कोठी.

ही खोली मुळात वेगळी का काढली? कारण जुन्या संगणकांचा हात पोचत नव्हता. डिस्क वाचायची बायोसची, म्हणजे संगणक जागा करणाऱ्या प्रोग्रॅमची, जुनी रीत १,०२४ सिलिंडरांच्या पलीकडे जात नसे. सगळा गुणाकार केला तरी ८.४ अब्ज बाइटपुढे तिला दिसत नव्हते. डिस्क मोठ्या झाल्या, आणि कर्नल चुकून त्या रेषेपलीकडे जाऊन पडला की संगणक सुरूच होईना. म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक लहान तुकडा कापून कर्नल तिथे ठेवू लागले. आजीचा हात वरच्या फळीला पोचत नाही म्हणून रोजचा चहासाखरेचा डबा खाली ठेवतात, त्यातलाच प्रकार. ती अडचण केव्हाच गेली. आता वेगळी कोठी लागते ती मुख्यतः दोन कारणांनी. उरलेली डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल तर निदान पहिले दार तरी बाहेर उघडे हवे. आणि नव्या यूईएफआय संगणकांना सुरुवातीचा एक तुकडा फॅट या जुन्या साध्या पद्धतीचाच लागतो. काही लोक त्यालाच स्लॅश बूट करून टाकतात.

पायरी तिसरी नाही. ती मी काकांच्या संगणकावर करून पाहिली, म्हणून इथे गाळली आहे.

पायरी चौथी. कोठी लावून घ्या म्हणणाऱ्यांचे नीट ऐकून घ्या. हे लोक मूर्ख नाहीत. जेंटू नावाच्या लिनक्सच्या जुन्या पुस्तिकेत तर नमुन्यातच स्लॅश बूटपुढे 'नोऑटो' लिहिलेले असे, म्हणजे आपोआप जोडू नकोस. त्यांचे म्हणणे: जे दिवसभर लागत नाही ते दिवसभर उघडे कशाला? चुकून एखादी पुसण्याची आज्ञा भलतीकडे गेली तर कर्नल वाचेल. वीज गेली आणि संगणक धाडकन बंद पडला तर सोडवून ठेवलेल्या तुकड्याला धक्का लागणार नाही. फॅटसारख्या पद्धतीत नोंदवही, म्हणजे जर्नल नसते, तिथे हे म्हणणे खोटे नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वेळी ज्याच्या घरातला पंखा थांबतो त्याला ते जास्त पटते.

आणखी एक मुद्दा सांगतात, सुरक्षिततेचा: लावलेल्या कोठीत चोर शिरत नाही. हा मला कधीच पटला नाही. इथल्या सुलतान बाजारात तुर्रेबाज खानाच्या नावाचा रस्ता आहे. १७ जुलै १८५७ ला तो आणि मौलवी अलाउद्दीन रोहिल्यांना घेऊन याच कोठीवर, म्हणजे रेसिडेन्सीवर, चालून गेले. हल्ला परतला तो दार लावलेले होते म्हणून नव्हे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून आधीच निरोप गेला होता आणि आत तोफा भरून ठेवल्या होत्या. तट-बुरूज भक्कम केले ते त्यानंतर. तुमच्या संगणकात जो शिरला आणि ज्याच्या हाती रूटचे, म्हणजे घरमालकाचे, अधिकार आले त्याला 'माउंट स्लॅश बूट' म्हणायला कितीसा वेळ लागतो? ज्याच्या हाती यंत्रच लागले तो तर पेनड्राइव्ह लावूनच सुरू करील. तेव्हा नोऑटोचे कुलूप चोरासाठी नाही. ते तुमच्यासाठी, म्हणजे घरच्या वेंधळ्यासाठी आहे. वेंधळ्यासाठी कुलूप लावण्यात गैर काही नाही, फक्त किल्ली पुन्हा त्याच वेंधळ्याकडे राहते.

आता ती गाळलेली पायरी.

काका बडी चौडीच्या मागच्या गल्लीत राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांना संगणकावर दोनच गोष्टी हव्या होत्या: सकाळी अभंग, संध्याकाळी नातवाशी व्हिडिओवर बोलणे. एवढ्यासाठी मी त्यांना आर्च लिनक्स घालून दिले. हे म्हणजे भाजी आणायला जाणाऱ्याला घोड्यावर बसवण्यासारखे होते, पण मी विशीत होतो आणि घोडा माझ्याकडे नवा होता. वर एफएसटॅब या फाइलीत स्लॅश बूटच्या ओळीत नोऑटो लिहिले. काकांना सांगितले, "आता तुमची कोठी एकदम सुरक्षित आहे." काका म्हणाले, "बरं केलंस." काकू आतून म्हणाल्या, "कुठली कोठी?"

आठवड्याला जाऊन मी यंत्रणा अद्ययावत करून द्यायचो. करताना आधी कोठी उघडायची, मग लावायची. चार-पाच वेळा केले. सहाव्या वेळी दारात काकूंनी थालीपीठ दिले आणि मी उघडायची विसरलो. आज्ञा दिली, अक्षरे सरसर वर सरकली, कुठे लाल काही दिसले नाही. काकांनी संगणक बंद केला, मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अरे, विठ्ठल मुका झाला."

आवाज नाही, वायफाय नाही. पडदा मात्र ठीक लागतो, उंदीर फिरतो, घड्याळ चालते. मी पोचेपर्यंत काका तो डबा पिशवीत घालून गुजराती गल्लीत एका दुकानात दाखवून आले होते. दुकानदाराने दोन मिनिटे पाहून निदान केले होते: "चाचा, वायफाय का कार्ड गया. साउंड का भी गया लगरा. दोनो नया डालना पडता." काकांनी "नक्को" म्हणून डबा परत आणला. दखनी बोलीत हा शब्द आमच्याकडूनच गेला आहे आणि योग्य वेळी परत कामाला येतो.

मी टर्मिनल उघडले. चालू कर्नल कुठला ते 'यूनेम वजा आर' सांगते. त्याने जुना आकडा सांगितला. बसवलेले पॅकेज कुठले ते आर्चची पॅकेजे सांभाळणाऱ्या पॅकमॅनला विचारले. त्याने नवा आकडा सांगितला. एका घरात दोन कर्ते पुरुष आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, असे काहीतरी चालले होते. मग म्हटले कोठी उघडून पाहू. 'माउंट स्लॅश बूट.' उत्तर आले: व्हीफॅट ही पद्धत मला ठाऊक नाही.

इथे मी खाली बसलो. काकूंनी पाणी आणून दिले.

झाले होते ते असे, आणि हे प्रत्येक नवशिक्याने दोनदा वाचावे. स्लॅश बूट हे नाव दोन गोष्टींचे असते. एक ती कोठी, आणि दुसरी त्या कोठीच्या दारापुढची रिकामी ओसरी. कोठी जोडलेली असते तेव्हा ओसरी दिसतच नाही, तिच्या जागी सरळ कोठीचे आतले दिसते. कोठी सोडवली की ओसरी उरते. रिकामी, पण पत्ता तोच. नवा कर्नल घेऊन हमाल आला, त्याने पत्ता वाचला 'स्लॅश बूट', ओसरीवर पोते टाकले आणि निघून गेला. त्याची काय चूक? जाता जाता त्याने नियमाप्रमाणे दुसरे एक काम केले. कर्नलचे हाताखालचे लोक, म्हणजे आवाजाचा, वायफायचा, फॅट वाचण्याचा असे जे सुटे मॉड्यूल असतात, ते माजघरात वेगळ्या जागी राहतात. आर्चमध्ये नवा कर्नल आला की जुन्याची माणसे काढून नव्याची बसवतात. तशी ती बसवली.

सकाळी संगणक सुरू झाला तो खऱ्या कोठीतून. तिथे जुनाच कर्नल. प्रतिकृतीतल्या चार माणसांच्या जोरावर त्याने डिस्कचे दार उघडले, घरात आला, आणि बघतो तर आपले एकही माणूस जागेवर नाही. नवी माणसे त्याचे ऐकेनात, कारण मॉड्यूलवर कर्नलचा आकडा लिहिलेला असतो आणि तो जुळावा लागतो. म्हणून विठ्ठल मुका. आणि कोठी फॅट पद्धतीची, तो फॅट वाचणाराही गेलेला, म्हणून कोठीही उघडेना. कोठी उघडायची किल्ली कोठीतच, असा हा मामला.

दुरुस्ती सोपी आहे, घाबरायचे नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यावरून सुरू करा. घरचा मुख्य तुकडा जोडा, मग त्याच्या स्लॅश बूटवर खरी कोठी जोडा, हा क्रम चुकवू नका. मग 'आर्च-सीएचरूट' करून त्या घरात शिरा आणि लिनक्स हे पॅकेज पुन्हा बसवा. आता पोते कोठीत जाते. वेळ लागला वीस मिनिटे, त्यातली दहा काकांना हे वायफायचे कार्ड नव्हते असे पटवण्यात.

पायरी पाचवी, माझे मत. घरात उगाच किडे करणारा कोणी नसेल तर कोठी जोडलेलीच असू द्या. उबुंटू, डेबियन, फेडोरा घालताना वेगळी कोठी केली तर ते ती आपोआप जोडूनच देतात. त्यांना तसेच करू द्या. विशेषतः जिथे अपडेट रात्री आपोआप होतात तिथे कोठी लावून ठेवणे म्हणजे दूधवाल्याला यायला सांगून पातेले आत ठेवणे. उघड्या कोठीची खरी कटकट निराळीच असते: ती भरते. जुने कर्नल साचतात, एके दिवशी जागा उरली नाही अशी ओरड होते. 'डीएफ वजा एच स्लॅश बूट' अधूनमधून पाहावे आणि 'ऑटोरिमूव्ह' करावे. नव्याने कापत असाल तर १ जीबी द्या. डिस्कच्या मानाने ती चिल्लर आहे.

ज्यांना लावूनच घ्यायची आहे, स्वतः कर्नल रांधणारे ते हौशी, त्यांच्यासाठी एक मधली वाट. नोऑटोच्या जोडीला 'एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट' लिहा, आणि आयडल-टाइमआउट १२० सेकंद. कोणी दाराशी आले की कोठी आपोआप उघडते, दोन मिनिटे कोणी फिरकले नाही की आपोआप लागते. आजी हे काम बसल्या जागेवरून, मान न वळवता करायची.

दुसरी वाट म्हणजे कोठी उघडी, पण फक्त पाहण्यापुरती, 'आरओ'. कर्नल येईल तेव्हा 'रीमाउंट, आरडब्ल्यू' करायचे. इथे विसरलात तर अपडेट तिथल्या तिथे आरडाओरडा करते. हे मला आवडते. संगणकात ओरडून बिघडणारे परवडले, गुमान बिघडणारे नको.

आणि ओसरीचे काय? नोऑटोच ठेवणार असाल तर हे एवढे कराच. कोठी सोडवलेली असताना, सोडवलेलीच असताना, त्या रिकाम्या ओसरीवर 'चॅटर अधिक आय स्लॅश बूट' चालवा. त्या जागेवर मग रूटलाही काही ठेवता येत नाही, पण कोठी मात्र खुशाल जोडता येते. हमाल आला तर पोते खांद्यावरच घेऊन बोंबलत उभा राहील. कोठी जोडलेली असताना ही आज्ञा दिलीत तर कुलूप भलत्याच दाराला बसेल. मला कसे ठाऊक हे विचारू नये.

काकांच्या संगणकावर मी नोऑटो पुसले आणि कोठी कायमची उघडी केली. आता फक्त ओसरीवरचे ते चुकून पडलेले पोते साफ करायचे राहिले होते. कोठी सोडवली, खाली नवाकोरा कर्नल आणि त्याची प्रतिकृती जशाच्या तशा पडलेल्या. पुसायची आज्ञा टंकली, तेवढ्यात काकांनी खांद्यावर हात ठेवला.

"नवं आहे ना ते?"

"हो, पण कामाचं नाही. त्याचंच दुसरं आत गेलंय."

"मग टाकतोस कशाला? असू दे बाजूला. कधी लागेल सांगता येत नाही."

मी समजावले. काकूही माझ्या बाजूने बोलल्या. शेवटी काकांच्या डेस्कटॉपवर 'अडगळ' नावाचे फोल्डर केले आणि ती दोन पोती त्यात नेऊन ठेवली. शेजारी काकांनी गुजराती गल्लीतल्या दुकानदाराचे कार्ड स्कॅन करून ठेवले आहे.